ढगात पाणी कोण भरते? दुसरीच्या मुलांना जलचक्र समजावताना

माणदेशी

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. आमच्या भागात वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो. मार्च संपत आला की गावाला टँकर सुरू होतो, तो गावच्या विहिरीत रिकामा होतो आणि मग बायामाणसे त्या विहिरीतून शेंदून पाणी नेतात. त्यामुळे आमच्या मुलांच्या दृष्टीने ‘पाणी आले’ या वाक्याचा अर्थ ‘टँकर आला’ एवढाच आहे.

गेल्या आठवड्यात मी भिंतीवर जलचक्राचा तक्ता लावून शिकवत होते. सूर्यामुळे समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढगांतून पाऊस पडतो आणि नद्यांवाटे पाणी पुन्हा समुद्रात जाते, असे मी सांगितले. तेव्हा एका मुलाने विचारले, “बाई, ढगात पाणी कोण भरतं? एवढ्या उंच टँकर कसा चढतो?” वर्गात एकही मूल हसले नाही, कारण तो प्रश्न सगळ्यांचाच होता. मी पुन्हा समुद्र आणि सूर्य सांगू लागले, तर तो म्हणाला, “पण मी समुद्र बघितलाच नाही.” तक्त्याकडे पाहिले तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यावर बर्फाचा डोंगर आहे, सूचिपर्णी झाडे आहेत, भरून वाहणारी नदी आहे आणि निळा समुद्र आहे, आणि यांतील एकही गोष्ट माझ्या वर्गातील कोणत्याही मुलाने डोळ्यांनी पाहिलेली नाही.

येथे अनेक शिक्षक आणि पालक आहेत, म्हणून विचारते. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना जलचक्र अशा रीतीने कसे समजावावे की त्यांना ते स्वतः तपासून पाहता येईल? दुसरी शंका ‘थेंबाच्या गोष्टी’विषयी आहे. एक थेंब समुद्रातून निघतो, वर जातो, ढगात बसतो आणि खाली येतो, ही गोष्ट आपण सगळेच सांगत आलो आहोत. ती सांगावी की सांगू नये?

—

कृष्णाकाठ

ताई, मी वाईचा असून भूगोलाचा निवृत्त शिक्षक आहे. सर्वप्रथम त्या मुलाचा प्रश्न जपून ठेवा, कारण जलचक्राचे मर्म त्याला अर्धे कळलेलेच आहे. पाणी आपोआप उत्पन्न होत नाही, ते कुठून तरी आणावे लागते, हे त्याला टँकरने शिकवले आहे. टँकर भरायला कुठली तरी विहीर लागते, तशी ढगालाही लागते. तेव्हा ‘टँकर नाही रे, सूर्य’ असे म्हणून त्याचा विचार खोडू नका. ‘टँकरशिवाय पाणी वर जाते का, ते आपण पाहू या’ असे म्हणा.

माझ्या अनुभवाप्रमाणे आपण हा धडा चुकीच्या टोकाकडून सुरू करतो. आपण आधी वर्तुळ काढतो आणि मग मुलाला त्यावर फिरवतो. सहा वर्षांच्या मुलाला वर्तुळाची गरज नसते, त्याला ‘गेले कुठे?’ हा एकच प्रश्न पुरतो. म्हणून ‘जलचक्र’ हा शब्द आधी उच्चारूच नका. स्टीलची दोन सारखी ताटे घ्या, दोन्हींत एकेक वाटी पाणी मोजून घाला, एक ताट उघडे ठेवा आणि दुसऱ्यावर परात पालथी घाला. ताट स्टीलचेच घ्यावे, यामागे कारण आहे. फरशीवर किंवा अंगणात पाणी सांडून प्रयोग केला तर मुले ‘जमिनीने पाणी पिले’ असे उत्तर देतात, आणि ते उत्तर चूक आहे असे म्हणायला आपल्याकडे जागा राहत नाही, कारण काही पाणी खरोखरच मुरलेले असते. ताट पाणी पीत नाही हे मुलांना ठाऊक असते. शाळा सुटताना दोन्ही ताटांतले पाणी पुन्हा त्याच वाटीने मोजू द्या. उघड्या ताटातले पाणी घटलेले असेल, झाकलेल्यातले जवळपास तेवढेच असेल आणि पालथ्या परातीच्या आतल्या अंगाला ओल धरलेली दिसेल. या क्षणी मुले जे बोलतील ते लिहून ठेवा. उत्तर मात्र त्या दिवशी देऊ नका.

वर गेलेले पाणी पुन्हा सापडते, हे दाखवण्यासाठी बर्फ घातलेला स्टीलचा पेला घ्या. बाहेरून थेंब धरले की पुष्कळ मुले ‘पेला गळतो’ असे म्हणतात, म्हणून पेल्यात कोकम सरबत घाला. आत लाल आणि बाहेर स्वच्छ पाण्याचे थेंब दिसले की गळतीचा विचार मुले स्वतःच सोडून देतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलची हवा कोरडी असल्यामुळे पेल्याला घाम यायला वेळ लागतो, तेव्हा हाच प्रयोग जूनमध्ये पुन्हा करून दोन्ही वेळांची तुलना करता आली तर फार उत्तम होईल.

—

दवबिंदू

मी पदार्थविज्ञान शिकवते, म्हणून थेंबाच्या गोष्टीविषयी लिहिते. माझा तिला आक्षेप आहे आणि तो बारकाव्याचा नाही. त्या गोष्टीत थेंब थेंब म्हणूनच वर जातो. मुलाच्या मनात असे चित्र तयार होते की अगदी लहान थेंब उलटे, वरच्या दिशेने पाऊस पाडावा तसे चढत आहेत. प्रत्यक्षात वर जाते ती पाण्याची वाफ, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. याबाबतीत मोठ्या माणसांचाही गोंधळ असतो. चहाच्या किटलीतून जे पांढरे निघताना दिसते त्याला आपण वाफ म्हणतो, परंतु ते पाण्याचे अतिशय बारीक कण असतात. नीट पाहिले तर किटलीच्या तोटीच्या अगदी तोंडाशी थोडी मोकळी, पारदर्शक जागा दिसते. खरी वाफ तिथे असते. पुढे गार हवेत गेल्यावर तिचे कण होतात आणि मग ते पांढरे दिसतात. ढगाचेही असेच आहे. ढग वाफेचा नसतो, तो पाण्याच्या कणांचा असतो आणि फार उंचावर बर्फाच्या कणांचाही असतो.

दुसरी गोष्ट अशी की वाफ समजावताना आपण लगेच चूल पेटवतो आणि पाणी उकळून दाखवतो. मग मुलाची समजूत होते की समुद्र उकळल्याशिवाय ढग होणार नाहीत. कपडे सावलीतही वाळतात, फक्त सावकाश वाळतात, हे आधी दाखवावे. माठातले पाणी गार राहते तेही त्याच्या अंगातून पाझरलेले पाणी सतत उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते म्हणून. माठ तर तुमच्या वर्गातच असेल. मुलांना एकदा त्याच्या ओल्या अंगाला हात लावू द्यावा, आपला तळहात ओला करून त्यावर फुंकर घालू द्यावी, आणि दोन्ही ठिकाणी गार का लागले ते विचारावे.

ढग खाली का पडत नाही, हा प्रश्न पुढे नक्की येईल, म्हणून एक प्रमाण सांगून ठेवते. ढगातील एका कणाचा व्यास साधारण ०.०२ मिलिमीटर असतो आणि पावसाच्या थेंबाचा साधारण २ मिलिमीटर असतो. म्हणजे ढगातील कण मोहरीएवढा मानला तर पावसाचा थेंब मध्यम कलिंगडाएवढा ठरतो, आणि एक थेंब तयार व्हायला असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. एवढा हलका कण इतक्या सावकाश खाली येतो की वर जाणारी हवा त्याला सहज तोलून धरते. मोहरी आणि कलिंगड मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवावे, संख्या सांगण्याची गरज पडत नाही.

—

गोष्टीवेल्हाळ

दवबिंदू यांचा मुद्दा मला पटतो, तरीही लहान मुलांना गोष्ट लागतेच, असे मी आग्रहाने म्हणेन. सहा वर्षांचे मूल ज्याचा माग ठेवायचा असे काहीतरी मनात धरते, आणि तसे काही नसेल तर वाफ, ढग, नदी हे शब्द सुटे सुटे राहतात. तेव्हा गोष्ट टाकून देऊ नये, तिचा नायक बदलावा.

मी माझ्या नातवंडांना सांगताना थेंबाला माणूस न मानता जत्रा मानते. म्हसवडला सिद्धनाथाची जत्रा भरते तेव्हा लांबून केवढी तरी गर्दी दिसते. जत्रा पांगली की माणसे घरोघर जातात आणि मोकळ्या मैदानावर काहीच दिसत नाही, पण माणसे नाहीशी झालेली नसतात, ती फक्त विखुरलेली असतात. पुढे दुसऱ्या गावी दुसरी जत्रा भरते, तेव्हा त्यांतली काही माणसे तिथे असतात आणि बरीचशी नवीन असतात. पाण्याचा थेंब हा असा अतिशय बारीक कणांचा मेळा आहे. ऊन लागले की तो पांगतो म्हणून दिसेनासा होतो, आणि वर गार हवेत नवा मेळा भरतो तो ढग. यात थेंब थेंब म्हणून चढत नाही, आणि वरून पडणारा थेंब तोच जुना थेंब असतो असाही गैरसमज होत नाही. मुलांना मैदानावर घट्ट गोळा करून उभे करता येते, मग पांगवता येते आणि पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात जमवता येते. पांढऱ्या खडूचे कितीही बाण काढले तरी त्यांनी जेवढे कळत नाही तेवढे या धावपळीने कळते.

—

आगरकाठ

समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्र कसा दाखवावा, याविषयी मला सुचते ते लिहितो. आमचे घर पेणकडचे आणि आमच्या घरी पूर्वी मिठागर होते. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे, ते उन्हावाऱ्यावर राहू द्यायचे, आणि पाणी उडून गेले की खाली मीठ उरते, एवढाच तो उद्योग आहे. कष्ट मात्र अपार आहेत. म्हणजे मिठागर हा जलचक्राचा अर्धा भाग आहे आणि तो माणसाने हाताने मांडलेला आहे. तुमच्या मुलांच्या घरी जे मीठ रोज भाकरीच्या पिठात पडते, ते मीठ म्हणजे समुद्रातून वर गेलेल्या पाण्याने मागे ठेवलेला पुरावा आहे, असे त्यांना सांगता येईल.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एक लिटर पाण्यात सुमारे दोन मोठे चमचे मीठ विरघळवून ते मुलांना जिभेच्या टोकावर चाखू द्यावे आणि मग काळ्या किंवा गडद रंगाच्या ताटात त्याचा पातळ थर उन्हात ठेवावा. संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी ताटात पांढरे कण दिसतील. पाणी गेले आणि मीठ राहिले, यावरून पाऊस खारट का नसतो याचे उत्तर मुलेच देतील. पृथ्वीवरील सुमारे ९७ टक्के पाणी खारे आहे, हे पुढे चौथी-पाचवीत सांगता येईल.

—

जुनी पाने

हे कळायला मोठ्यांनाही किती काळ लागला ते पाहिले, म्हणजे मुलांच्या गोंधळाचे आश्चर्य वाटत नाही. बाराही महिने वाहणाऱ्या नद्यांना केवळ पाऊस पुरेल, यावर युरोपातील विद्वानांचा शतकानुशतके विश्वास नव्हता. समुद्राचे पाणी जमिनीखालच्या वाटांनी डोंगरात चढते आणि वाटेत त्याचा खारटपणा निघून जातो, असे पुष्कळांना वाटे. फ्रान्समधील बेर्नार पालिसी याने १५८० साली झऱ्यांचे पाणी पावसाचेच असते असे लिहिले होते. पुढे प्येर पेरो यांनी सीन नदीच्या उगमाकडील भागात तीन वर्षे पाऊस किती पडला आणि नदीतून पाणी किती वाहिले याचा हिशेब मांडला आणि १६७४ साली तो प्रसिद्ध केला. नदीतून वाहते त्याच्या सुमारे सहापट पाणी पावसाने पडते, असे निघाले. प्रसिद्ध परीकथाकार शार्ल पेरो हे त्यांचे धाकटे भाऊ.

राहिलेला अर्धा भाग एडमंड हॅली यांनी हाती घेतला. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव आपल्याला माहीत आहे, तेच हे हॅली. त्यांनी समुद्राइतके खारे पाणी एका पसरट भांड्यात घेऊन ते उन्हाळ्याच्या हवेइतके कोमट केले, भांडे तराजूला लावले, दोन तासांत वजन किती घटते ते पाहिले आणि त्यावरून भूमध्य समुद्रातून रोज केवढे पाणी उडत असेल याचा अंदाज १६८७ साली मांडला. ताई, तुमच्या वर्गात ताट आणि वाटीने होणारा प्रयोग आणि हॅली यांचा प्रयोग यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. माझी सूचना एवढीच की गावातील किराणा दुकानातला तराजू एका दुपारपुरता मिळाला तर ओला रुमाल त्यावर टांगून ठेवावा. तो वाळत जाताना पारडे हलके होत जाते, ते पाहण्यासाठी मुले जागची हलत नाहीत.

—

विहीरमाया

तक्त्यांतील सर्वांत मोठी उणीव म्हणजे जमिनीच्या पोटातले पाणी. बहुतेक चित्रांत पाणी डोंगरावरून थेट नदीत उतरते, आणि जिथे नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते त्या माणदेशातील मुलाला अशा चित्राचा काही उपयोग नाही. त्याचे जलचक्र विहिरीतून जाते.

यातही एक गैरसमज टाळावा लागतो. विहिरीला पाणी लागले म्हणजे जमिनीखाली मोठी नदी किंवा तळे आहे, असे मुलांनाच काय, गावातील जाणत्या माणसांनाही वाटते. महाराष्ट्राच्या चार-पंचमांशांहून अधिक भूभागाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या अखंड कातळात पाणी फारसे शिरत नाही. ते राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. म्हणूनच एका विहिरीला उन्हाळ्यातही पाझर असतो आणि शेजारची विहीर कोरडी पडते. मुलांना दाखवायचे असेल तर पारदर्शक बरणीत खाली गोटे, त्यावर मुरूम आणि वर माती असे थर लावावेत आणि बरणीच्या कडेला तळापर्यंत एक जाड नळी उभी करावी, ती आपली विहीर. वरून झारीने सावकाश पाणी घातले की नळीत पाणी चढताना दिसते. मग त्या नळीतून ड्रॉपरने पाणी उपसू द्यावे. दोन-चार मुलांनी भराभर उपसले की विहीर आटते, आणि ती पुन्हा कशी भरायची हे कोणालाही सांगावे लागत नाही.

झाडांचाही विसर पडू देऊ नये. कडुलिंबाच्या पानांनी भरलेल्या फांदीवर सकाळी पारदर्शक पिशवी बांधून ठेवली की दुपारपर्यंत आतून पाण्याचे थेंब दिसतात. मुळांनी जमिनीतून घेतलेले पाणी पानांवाटे हवेत गेले, म्हणजे ढगाची एक विहीर शाळेच्या अंगणातच आहे.

—

माणदेशी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काही प्रयोग परीक्षेपूर्वी झाले आणि काही जूनमध्ये शाळा उघडल्यावर केले. मुले आता तिसरीत गेली असली तरी वर्ग माझ्याकडेच आहे.

ताटाचा प्रयोग पहिल्या दिवशी फसला. पाणी घटलेले पाहून एक मुलगी ठामपणे म्हणाली की ते कावळ्याने पिले, आणि तिचे म्हणणे खोडून काढायला माझ्यापाशी काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलांनीच ताटावर पिठाची चाळण पालथी घातली आणि दोघे जण पाळीने राखणीला बसले. पाणी तरीही घटले. त्यानंतर तीच मुलगी म्हणाली, “बाई, ते वाऱ्यात मिसळलं असणार.” तो शब्द तिचा आहे, मी दिलेला नाही, आणि वर्षभरात मला एवढा आनंद दुसऱ्या कशाने झाला नाही.

जत्रेचा खेळ मुलांनी इतक्या वेळा खेळला की आता ‘पांगा’ म्हटले की वाफ आणि ‘जमा’ म्हटले की ढग, हे वेगळे सांगावे लागत नाही. किटलीच्या तोंडाशी असलेली मोकळी जागा पाहायला मात्र मी मुलांना एकेक करून आणि लांबूनच नेले, कारण तिथली न दिसणारी वाफच अधिक भाजते. इतरांनीही ही काळजी घ्यावी. कोकमाचा पेला एप्रिलमध्ये बराच वेळ ठेवल्यावर जेमतेम ओलसर झाला आणि जूनमध्ये ढगाळ दिवशी पाहता पाहता ओघळू लागला. हवेत आता जास्त पाणी आहे, हे मुलांनी पेल्यावरून सांगितले.

सरळ बाजूंच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून शाळेच्या आवारात उघड्या जागी ठेवले आहे आणि हवामान खात्याप्रमाणे आम्ही रोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे चौथीच्या मुलांना सांगितले. त्यांनी शाळेचे छप्पर दोरीने मोजले, ते साधारण २०० चौरस मीटर भरले. ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावर १०,००० लिटर पाणी पडते, म्हणजे आमच्या गावाला येणारा एक टँकर. ज्या मुलाने पहिला प्रश्न विचारला होता, तो हे ऐकून धावत बाहेर गेला आणि छपराकडे बघत राहिला.

आता त्याचाच दुसरा प्रश्न आला आहे आणि त्याचे उत्तर मला लहान मुलांच्या भाषेत देता येत नाही. तो विचारतो, “आषाढात आमच्या डोक्यावरून ढग नुसते पळत जातात. आमच्याकडं का सांडत नाहीत?”

—

कृष्णाकाठ

ताई, या प्रश्नाचे उत्तर त्याला त्याच्या गावाचे चित्र काढून द्या, भिंतीवरच्या तक्त्यावरून देऊ नका. माणपासून पश्चिमेला सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आतबाहेर महाबळेश्वर आहे आणि तिथे वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे तुमच्या दहापटीहून जास्त. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडते, तिला घाट चढावा लागतो, चढताना ती गार होते आणि आपले बरेचसे पाणी तिथेच टाकते. पलीकडे उतरताना ती पुन्हा उबदार होते आणि उबदार हवेत ढगाचे कण विरू लागतात. मुलांना असे सांगता येईल की डोक्यावर मोळी घेतलेला माणूस घाट चढताना थकतो आणि वाटेतच पुष्कळशी लाकडे टाकून देतो; तो तुमच्या गावातून जातो खरा, पण तोपर्यंत त्याच्या डोक्यावर थोडीच लाकडे उरलेली असतात.

तुमच्याकडचा मुख्य पाऊस सप्टेंबरच्या सुमारास येतो, हे त्या मुलाच्या आजीला विचारले तर तीही सांगेल. त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात आणि त्यांच्याबरोबर पूर्वेकडून ओली हवा येते, तिला सह्याद्री ओलांडावा लागत नाही. आता माणगंगेचा माग काढा. ती तुमच्याच तालुक्यात उगम पावून म्हसवडवरून पुढे जाते आणि पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेला मिळते, भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. शाळेच्या छपरावरून वाहिलेले पाणी ओढ्याने माणगंगेत गेले, तर ते त्याच समुद्राच्या वाटेला लागते, ज्या समुद्राकडून सप्टेंबरची ओली हवा तुमच्याकडे येते. सप्टेंबरात पडेल ते आपलेच पाणी परत आले, असे मात्र मुलांना सांगू नका. गोष्टीवेल्हाळ यांनी म्हटल्याप्रमाणे त्या जत्रेत बहुतेक माणसे नवीन असतात. हवेत गेलेले पाणी सरासरी नऊ-दहा दिवसांत कुठे ना कुठे पडून जाते, आणि समुद्रात पोहोचलेले पाणी पुन्हा वर यायला हजारो वर्षेही लागू शकतात.

सप्टेंबरमध्ये पर्जन्यमापकाच्या नोंदींशेजारी वारा कोणत्या दिशेने आला तेही मुलांकडून रोज लिहून घ्या. आषाढातील वाऱ्याची पाने आणि ती पाने शेजारी शेजारी ठेवली म्हणजे ‘आमच्याकडं का सांडत नाहीत’ याचे उत्तर त्या मुलाला त्याच्याच अक्षरात वाचता येईल.